फौज, रयत आणि कौल : युद्धकालीन मराठी गद्य कसे वाचावे

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, या पाठ्यघटकात आपण सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी पत्रव्यवहाराकडे वळत आहोत. याआधीच्या घटकात बखर या प्रकाराचा परिचय तुम्हांला झाला आहे. बखर घटना घडून गेल्यावर, बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाते. पत्र मात्र घटना घडत असताना लिहिले जाते. त्यामुळे युद्ध चालू असताना फौज आणि सामान्य माणूस यांच्यात काय चालले होते, हे जाणायचे असेल तर पत्रांचा आधार अधिक जवळचा आहे. हा घटक अभ्यासल्यावर अशा पत्रांतील नेहमीच्या संज्ञा तुम्हांला ओळखता याव्यात आणि पत्रात कोण बोलतो आहे व कोण गप्प आहे, हे वाक्यरचनेवरून हेरता यावे, एवढी अपेक्षा आहे.

या घटकाची मांडणी एका प्रश्नावरून सुचली. पालघर परिसरातील एका संपर्कसत्रात वसईच्या मोहिमेविषयी बोलत होतो. सत्र संपल्यावर शिरगावच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, फिरंगी गेले आणि मराठे आले हे पुस्तकात आहे. पण आमच्या गावातल्या माणसांना तेव्हा काय वाटलं असेल?” त्या दिवशी मला नीटसे उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या प्रश्नाकडे भाषेच्या वाटेने जाण्याचा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले. या दोन ठाण्यांच्या मधला किनारा, म्हणजे आजचे केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली राहिला. शिरगावचा समुद्रालगतचा किल्ला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सहलीला येणारी मंडळी आतल्या फांद्या फुटलेल्या रावणताडाचे छायाचित्र घेऊन परततात. बुरुजावर उभे राहून मात्र एक गोष्ट अवश्य पाहावी. तेथून समुद्र दिसतो तसेच गावही दिसते. किनाऱ्यावरचा छोटा किल्ला येणाऱ्या गलबतांवर जशी नजर ठेवतो, तशीच शेजारच्या घरांवरही ठेवतो.

पोर्तुगीज अमलातील जमिनी बऱ्याच अंशी त्यांच्या सरदार-उमरावांकडे आणि धर्मसंस्थांकडे होत्या. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले आणि त्याचा हात वसई प्रांतापर्यंत पोचत असे. हिंदूंच्या जाहीर पूजाविधींवर निर्बंध होते. अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ यांनी पेशव्यांकडे धाव घेतली, ती या पार्श्वभूमीवर. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली, ठाणे व साष्टी मराठ्यांकडे आली. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई शरण आली. हा घटनाक्रम एवढाच पुरे, कारण तो कोणत्याही इतिहासग्रंथात मिळतो.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवा. गंगाजी नाईक आणि अंताजी रघुनाथ हे दोघेही वतनदार वर्गातले होते. त्यांची गाऱ्हाणी खरी होती, पण ती ‘रयतेची गाऱ्हाणी’ म्हणून सरसकट उद्धृत करण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती मला घाईची वाटते. शिरगावच्या किनाऱ्यावरचा मांगेला, भंडारी, वाडीतला वाडवळ किंवा डोंगराकडचा वारली यांच्यापैकी कोणी पेशव्यांना पत्र लिहिल्याचे आपल्यासमोर नाही. लिहिता येणाऱ्याचे दुःख तेवढे कागदावर येते.

शब्दांत राहिलेली राजवट

लिहिता न येणाऱ्यांनी एक पुरावा मात्र मागे ठेवला आहे. तो म्हणजे त्यांनी उचललेले शब्द. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द विचारले की विद्यार्थी बटाटा, काजू, अननस, पाव, कोबी अशी यादी म्हणून दाखवतात. स्वयंपाकघर आणि बाग यांची ही यादी सुखावह आहे. चावी, घमेले, पिंप, बिजागरी, इस्त्री हे शब्द कामाच्या जागी झालेला संबंध दाखवतात. पण याच भाषेतून आलेला आणखी एक गट पाहा : पगार, लिलाव, तुरुंग, काडतूस, पिस्तूल, आरमार, कप्तान. पगार कोण देतो? लिलाव कोणाच्या मालाचा होतो? काडतूस कोणाच्या कमरेला असते?

यांतील ‘तुरुंग’ हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मूळ पोर्तुगीज शब्द ‘त्रोंकु’. त्याचा पहिला अर्थ झाडाचा बुंधा, ओंडका. कैद्याचे पाय ज्या लाकडी खोड्यात अडकवीत, त्यालाही तोच शब्द लागला आणि पुढे खोडा ठेवलेल्या जागेला, बंदिशाळेला. मराठीने त्यातला झाडाचा अर्थ घेतला नाही, बंदिशाळेचाच घेतला. परकीय सत्तेची भाषा सामान्य माणूस शब्दकोशातून शिकत नाही. ज्या जागी तिच्याशी गाठ पडते, त्या जागेचा शब्द त्याच्या तोंडी बसतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे शब्द गोव्याकडून आले की वसई-दमणकडून, हे प्रत्येक शब्दाबाबत वेगळे काढता येत नाही. शिवाय उसना शब्द म्हणजे द्वेषाचा किंवा प्रेमाचा पुरावा नव्हे. तो संपर्काचा पुरावा असतो आणि संपर्क कोणत्या क्षेत्रात झाला, एवढेच तो सांगतो. परीक्षेत उत्तरे लिहिताना ही मर्यादा ओलांडू नका.

फौज आली म्हणजे काय होते?

आता पत्रांतील संज्ञांकडे येऊ. त्या काळच्या फौजेबरोबर पुरेशी रसद क्वचितच असे. घोड्यांना चारा आणि माणसांना दाणा लागे, आणि तो ज्या मुलुखात फौज उतरली असेल तेथूनच येई. चारा आणण्यासाठी निघणाऱ्या टोळीला ‘कही’ म्हणत. फार्सीत ‘काह’ म्हणजे गवत, पेंढा. ‘घासदाणा’ हा शब्द दिसायला निरुपद्रवी, पण ते फौजेच्या नावाने बसवलेल्या वसुलीचे नाव होते. ओझी वाहायला, मोर्चे खणायला गावची माणसे धरून नेत, ती ‘वेठ’. हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला आहे, म्हणजे प्रथा किती जुनी हे वेगळे सांगायला नको. या सगळ्याला कंटाळून किंवा भिऊन माणसे गाव सोडत, तेव्हा लेखक लिहितो की रयत ‘परागंदा’ झाली. मूळ फार्सी अर्थ ‘विखुरलेली’. मूठभर दाणे हातातून सुटावेत तशी.

आणि गाव पूर्ण ओस पडले की ते ‘बेचिराख’. हा शब्द आज आपण चुकीच्या कानाने ऐकतो. वर्तमानपत्रात ‘बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख’ असे वाचताना आपल्याला शेवटची ‘राख’ ऐकू येते आणि डोळ्यांपुढे जळालेली घरे येतात. मूळ शब्दात राख नाही. फार्सी ‘चिराग’, मराठीत ‘चिराख’, म्हणजे दिवा. बेचिराख म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते. महसुली दप्तरात ज्या गावात वस्ती उरलेली नाही, त्यासाठी हा शब्द शांतपणे वापरला जाई. आग लागलेली असो वा नसो; माणसे निघून गेली, संध्याकाळी दिवा लावणारे कोणी उरले नाही, एवढेच त्यात आहे. दोन अर्थांपैकी अधिक भयाण कोणता, हे तुम्ही ठरवा. माझ्या मते जुना.

आता क्रियापदांकडे पाहा. मराठीत मरणे-मारणे, जळणे-जाळणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आहेत. पहिल्या रूपात गोष्ट आपोआप घडते. दुसऱ्या रूपात ती करणारा हजर असतो. ‘गाव जळाले’ या वाक्याला कर्त्याची गरज नाही. ‘गाव जाळले’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. युद्धकालीन मजकूर वाचताना प्रत्येक वेळी ही परीक्षा करून पाहा. लिहिणाऱ्याने कोणत्या बाजूच्या कृत्यासाठी कोणते रूप निवडले आहे? ही सवय लागली की आजची बातमी वाचतानाही ती सुटत नाही.

‘अंमल बसला’, ‘ठाणे बसले’, ‘फौज उतरली’ ही रूपेही तशीच. आणि ‘मुक्काम पडला’. मराठीत काय काय पडते ते आठवून पाहा : दुष्काळ पडतो, धाड पडते, दरोडा पडतो, वीज पडते. फौजेचा मुक्कामही पडतो. ही केवळ भाषिक योगायोगाची गोष्ट असू शकेल, कारण पाऊसही पडतो आणि तो हवासा असतो. तरी गावकऱ्याच्या दृष्टीने या क्रियापदाची संगत मला बोलकी वाटते.

एक ताकीदपत्र

आता या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पत्राकडे वळू. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या नावे चिपळूणच्या बाजूला छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना एक ताकीद गेली. तुमच्या पाठ्यपुस्तकातील उताऱ्यात ती आहेच; येथे तिच्या रचनेकडे लक्ष वेधतो. पावसाळा तोंडावर आहे. घोड्यांसाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळले तर पुढे मिळणार नाही. मग शिपाई कुणब्यांच्या घरी जाऊ लागतील. काय काय उचलून आणतील, त्यांची नावे पत्रात एकेक करून घेतली आहेत, धान्यापासून थेट पालेभाजीपर्यंत. कुणबी आधीच जेमतेम घर धरून आहेत, तेही जातील. काही उपाशी मरतील. आणि मग त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. म्हणून जे हवे ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्यावे, कोणावर जुलूम करू नये. पुढे आगीची काळजी आहे. कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जातील.

या पत्राचा भाषिक विशेष म्हणजे त्यातील भविष्यकाळ. अजून काहीच घडलेले नाही. घडू शकणारा अन्याय आधीच इतक्या तपशिलाने रंगवला आहे की वाचणाऱ्या हवालदाराला तो झालाच आहे असे वाटावे. अमूर्त उपदेश जवळजवळ नाही. भाजी आहे, उंदीर आहे, वात आहे. म्हणूनच साडेतीनशे वर्षांनंतरही हे गद्य जिवंत वाटते.

हे पत्र अनेकदा केवळ करुणेचे उदाहरण म्हणून शिकवले जाते. करुणा त्यात आहे, पण हिशेबही आहे आणि तो लपवलेला नाही. कुणबी गेला तर शेत पडीक पडेल, शेत पडीक पडले तर राज्याचा वसूल बुडेल आणि फौजही उपाशी राहील. मला यात उणेपणा दिसत नाही. नुसत्या दयेवर सोडलेला नियम पहिल्या टंचाईत मोडतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ही ताकीद परक्या मुलुखासाठी नव्हती, स्वराज्यातील रयतेसाठी होती, आणि अशी ताकीद द्यावी लागली, यावरून शिपाई काय करत असावेत तेही कळते. निषेध हा वस्तुस्थितीचा आडून मिळालेला पुरावा असतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, जीर्ण झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे सांगितले आहे. झाडे तोडली जात होती, हे त्यातून उघडच आहे.

तुलनेसाठी पुढच्या काळातील एक दस्तऐवज घेऊ. १९०७ च्या हेग परिषदेच्या नियमावलीत व्यापलेल्या प्रदेशातील फौजेवर बंधने घातली आहेत. लूट करण्यास मनाई आहे. वस्तू मागायच्या तर फौजेच्या गरजेपुरत्या आणि प्रदेशाच्या ऐपतीच्या प्रमाणात. शक्य तेथे रोख पैसे द्यावेत, नाही तर पावती द्यावी. चिपळूणच्या ताकिदीत पावतीची सोय नाही. बाजारात जा आणि विकत घ्या, एवढेच आहे. कोणता नियम कुणब्याच्या अधिक उपयोगाचा, यावर संपर्कसत्रात चर्चा करावी. पावती हातात असलेल्या माणसाला पैसे कधी मिळतात, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

कौल

ठाणे घेतले, अंमल बसला, पण शेत पिकवायला माणूस नाही. अशा वेळी नवा सत्ताधीश परागंदा रयतेला ‘कौल’ देई. हा अरबी शब्द; मूळ अर्थ ‘बोललेला शब्द’. (घरावरचे कौल हा शब्द निराळा; दोन्हींची गल्लत करू नये.) कौलनाम्यात साधारणतः एवढे असे : गावी परत या, कोणताही शक मनात धरू नका, सुखरूप राहून कीर्दमामुरी करा, अमुक वर्षे सारा कमी घेऊ. कीर्द म्हणजे लागवड आणि मामुरी म्हणजे वस्ती, भरभराट. आज्ञा ‘राहणे’, ‘करणे’ अशा ‘-णे’रूपांत असते. हे रूप आज्ञार्थी असले तरी त्यात ‘तू कर’ची रोखठोक धार नाही. ज्याला आज्ञा करायची तोच हवा आहे, अशा अवघड जागी ते चपखल बसते. गावाने दिवा पुन्हा लावावा म्हणून फौजेने केलेली विनवणीच ती, फक्त हुकमाच्या पोशाखात.

शब्दाचा पुढचा प्रवासही पाहा. देवाला कौल लावतात, आणि निवडणुकीत जनता कौल देते. एकेकाळी राजा रयतेला देत असे; आज आपण म्हणतो की रयत राज्यकर्त्याला देते. मूळ अरबीत ‘रयत’ म्हणजे राखलेला कळप, त्यावरून प्रजा. त्या कळपाकडे कौल जायला तीनेकशे वर्षे लागली.

वसईच्या शरणागतीतही असाच दिलेला शब्द होता. मे १७३९ च्या तहानुसार पोर्तुगीज शिबंदीला लष्करी इतमामाने बाहेर पडू दिले, रहिवाशांना कुटुंबे व जंगम मालमत्ता घेऊन जाण्यास आठ दिवसांची मुदत दिली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. दीर्घ, रक्तरंजित वेढ्यानंतर विजेत्याने शहर लुटीस मोकळे सोडले नाही, ही गोष्ट जगाच्या इतिहासात साधी नाही. पण जंगम मालमत्ता घेऊन जहाजात चढणारे कोण होते? मालक आणि अधिकारी. ज्यांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झाले होते, ज्यांची भाषा मराठीच होती आणि जमीन, मासेमारी, ताडीची झाडे हीच ज्यांची मिळकत होती, ते कोठे जाणार? ते राहिले. त्यांच्या चर्चमधील घंटा मात्र गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालाची, भीमाशंकरला १७२९ सालाची अशा घंटा आजही आहेत. विजयाची खूण म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो, आणि ती आहेच. वसईजवळच्या एखाद्या गावात ज्या माणसाला त्या घंटेच्या ठोक्यावर उठायची सवय होती, त्याच्या बाजूने मात्र कोणी पत्र लिहिलेले नाही.

चिमाजी अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना कळवलेल्या वृत्तांतांत सुरुंग, मोर्चे, खिंडारे, पडलेले आणि जखमी यांचे वर्णन आहे. ते गद्य प्रभावी आहे आणि तुम्ही ते जरूर वाचावे. त्यात नसलेला माणूस शोधत वाचलेत तर आणखी चांगले.

आपले नाव दुसऱ्यांच्या तोंडी

शेवटी एक शब्द पाहू, जो आपल्याकडून बाहेर गेला. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो स्वार ‘बारगीर’. स्वतःचा घोडा आणणारा ‘शिलेदार’. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालात चौथाईसाठी उतरत राहिल्या. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह होऊन त्या थांबल्या. त्या दशकात ‘बारगीर’चे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि तो शब्द मुलांना झोपवताना म्हणायच्या गाण्यात जाऊन बसला. गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत त्या स्वाऱ्यांवर ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले. त्यातील मराठे सुटका करणारे नाहीत. आपल्याकडे ‘मोगलाई’ म्हणजे अंदाधुंदी, तिकडे ‘बर्गी’ म्हणजे धाड. दोन्ही शब्द फौजेखाली राहिलेल्या माणसांनीच घडवले आहेत.

शिरगावच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येतो. जानेवारी १७३९ मध्ये तिच्या गावात दोन महिन्यांपूर्वीपर्यंत एका फौजेसाठी ओझी वाहणारी माणसे दुसऱ्या फौजेसाठी ओझी वाहू लागली असावीत. देवळात पुन्हा उघडपणे दिवा लावता आला याचा आनंदही त्याच माणसांना झाला असावा. ‘असावीत’ आणि ‘असावा’ ही रूपे मी मुद्दाम वापरली आहेत. तर्काला ‘होते’ लिहिणे हा आपल्या विषयात अपराध आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या गावच्या सात-बारा उताऱ्यात, पाणंद-शेतांच्या नावांत किंवा घरातील वृद्धांच्या बोलण्यात आढळणारे पाच अरबी-फार्सी अथवा पोर्तुगीज शब्द जमवा. माधव ज्युलियन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ आणि मोल्सवर्थचा कोश यांत ते मिळतात का, पाहा.

२. ‘बेचिराख’ या शब्दाचा अर्थ कसा व का बदलला असावा, ते दहा ओळींत लिहा. असाच अर्थ बदललेला दुसरा शब्द शोधा.

३. १६७३ च्या ताकीदपत्रातील भविष्यकाळी क्रियापदे अधोरेखित करा आणि ती भूतकाळात बदलून उतारा पुन्हा लिहा. पत्राच्या परिणामात काय फरक पडतो?

४. आजच्या वर्तमानपत्रातील युद्धाची कोणतीही एक बातमी घ्या. त्यातील ‘मरणे-मारणे’, ‘पडणे-पाडणे’ या जातीची क्रियापदे वेगळी काढा. प्रत्येकाचा कर्ता लिहा. जेथे तो सापडत नाही, तेथे जागा कोरी ठेवा.